स्पॉट नंबर सात

शहाद्याच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत
खेकडा आणि तारामासा यांच्या मध्ये
एक बुटकी बरणी होती.
आत समुद्रगवताचं एक पातं,
कांद्याच्या पापुद्र्यासारखं विटलेलं,
आणि त्याला चिकटून
बाजरीच्या दाण्याएवढी गोगलगाय.
चिठ्ठीवरची शाई उडालेली. वाचता यायचं
फक्त ‘सहल’, आणि कुठल्याशा सालातला नऊ.

लोटन भोई शनिवारी बरण्या पुसायचा.
बाकीच्यांना फडक्याचा एक हात, हिला दोन.
कुणा सरांनी त्याला सांगितलं होतं,
ही पातं खात नाही रे,
पात्यावरचा शेवाळी मळ खाते जिभेनं खरवडून,
तेव्हा कुठं गवताला ऊन लागतं.
“म्हंजे ही बी शिपाईच,”
लोटन म्हणाला, आणि फडकं पिळलं.

परीक्षेत ती स्पॉट नंबर सात.
भिंग लावूनही कुणी लिहायचं वाळूचा कण,
कुणी अंडं.
एकानं लिहिलं, ‘काही नाही’.
तो मी.

तापी जाते समुद्राला, सारंगखेड्याच्या पुलाखालून,
पण परत येऊन कधी सांगत नाही.
लोटनच्या बापानं जन्मभर तिच्यात जाळं टाकलं
गुडघाभर, कधी गळाभर पाण्यात.
“मी दर्या देखेल नई,”
लोटन बरणी उजेडाकडे धरायचा,
“पन तेनं पानी मना हातमा से.”
ते फॉर्मलिन होतं.
दर दिवाळीत तोच त्यात भर घालायचा,
त्याला माहीत नव्हतं असं नाही.

मग एका मे महिन्यात, पारा शेहेचाळीसवर,
झाकणाचं मेण वितळलं. सुट्टी होती.
उघडलं तेव्हा बरणी कोरडी,
पात्याचा भुगा.
साठा-नोंदवहीत लाल रेघ: निर्लेखित.
कवच लोटननं पुरवणीच्या कागदात बांधलं,
घरी सात पाण्यांनी धुतलं
आणि सायकलवरून बॅरेजवर गेला.

दरवाजे बंद होते.
पाणी हिरवं, थांबलेलं,
पाणगवताला नदीच्या काळ्या गोगलगायी लगडलेल्या.
त्यांच्यात त्यानं तिला सोडलं.
“जाय भाऊ, आते तुना तू.”
जुलैत दरवाजे उघडले तेव्हा
तो पुलावर गेला होता का, मी विचारलं नाही.

मांडणीवर अजून एक गोल डाग आहे,
खेकड्याच्या पुढं.
शनिवारी तिथं
फडकं दोनदा फिरतं.