अकरा किलो

बाबांच्या फोर्डसनचं वय विचारू नका,
नंबरपट्टीवरचे आकडे बीटच्या चिखलाने केव्हाच खाल्लेत.
डॉलार्टच्या खाडीपाशी, समुद्राकडून मागून घेतलेल्या या जमिनीत
पाय काढला तर बूट मागे राहतो.
अशा मातीत तो चाळीस हंगाम ओढत राहिला,
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आता टाळ्यांसाठी ओढायचं.

पहिल्या हिवाळ्यात इंजिन उघडलं.
हार्मच्या लेथवर सिलिंडर रुंद केले,
पिस्टन आणले भंगारातल्या एका कापणीयंत्राचे,
डिझेलपंपाचा स्क्रू पाव फेरा, मग अजून पाव,
आणि खाटकाच्या ट्रकमधून निघालेला टर्बो,
ज्याला अजून मटणाचा वास येतो, असं हार्म म्हणतो.
तो काहीही म्हणतो.
पहिल्यांदा सुरू केला
तेव्हा शेजारच्या आल्त्येबाईंच्या दोरीवरच्या चादरी काळ्या झाल्या.
त्यांनी त्या नीट घडी घालून आमच्या दारात ठेवल्या.
मी दोनदा धुतल्या.

टायरचे खूर सुरीने तासले, एकेक,
नालबंदासारखी गुडघे टेकून.

मग वजन.
नियम साधा: साडेतीन टन, वर एक ग्रॅम नाही.
ते साडेतीन टन कुठे कुठे बसलेत, सगळा खेळ तिथे.
मागे जास्त झालं की नाक आभाळात,
पुढे जास्त झालं की मागची चाकं
जागच्या जागी स्वतःचा खड्डा खणतात.
म्हणून एकेक वस्तू सुटी करून काट्यावर ठेवत गेलो.
दिवे. नांगर उचलायचे दांडे. हत्यारांची पेटी,
तिच्यात बाबांचा अर्धा सिगार, तो मोजला नाही.
शेवटी डावं मडगार्ड.

सहा वर्षांची असताना मी त्याच्यावर बसायचे.
बाबांचं कोपर माझ्या गुडघ्याला लागायचं
आणि ते बोलायचे नाहीत,
इंजिनच इतकं बोलायचं.
पत्रा मधोमध जरासा खोलगट आहे.
माझ्याच बसण्याने, असं मी धरून चालते.
मी ग्राइंडर घेऊन उभी राहिले
आणि हार्म कॉफी आणायला गेला.
कधीकधी असतो तो शहाणा.
गंजलेले चार बोल्ट कापले.
अकरा किलो.
बाबा दारात उभे होते. "हं," म्हणाले.

एप्रिलमध्ये बीटकारखान्याच्या काट्यावर चढवला.
पुढच्या चाकांवर अकरा किलो कमी.
हार्मने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग गाडीत पडलेल्या त्या पत्र्याकडे.
घडी केली, घणाने चपटा केला,
चौकटीत घालून नाकावर बोल्ट मारले.
खोलगट भाग सपाट झाला. करावाच लागला.

ऑगस्ट. रोलरने दाबलेला मातीचा पट्टा, शंभर मीटर.
मागे ती घसरगाडी:
तुम्ही जितके पुढे जाल
तितकं तिच्यावरचं ओझं सरकत सरकत तुमच्या पाठीशी येतं.
इथे मी एक उदाहरण देणार होते. देत नाही.
लाउडस्पीकरवर माझं नाव चुकीचं घेतलं,
निशाण हललं.
तीस मीटर काहीच नाही, रिकाम्या रस्त्यावरून गेल्यासारखं.
साठाला नाक उचललं आणि मला फक्त आभाळ दिसलं,
काळ्या धुराने दोन भाग केलेलं.
मग हाडांत ती गुरगुर,
चाकं फिरताहेत, आपण नाही.
त्र्याऐंशी मीटर, चाळीस सेंटिमीटर.
चौदा जणांत नववी.

बाबा कठड्याला टेकलेले, कानात कापूस.
"दुसरा टाकलास."
"हो."
"तिसरा हवा होता. दुसरा ओल्या बीटला. हे कोरडं आहे."
एका दमात इतकं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

मग ते वाकले,
नाकावरच्या चपट्या पत्र्याचा चिखल अंगठ्याने पुसला,
खाली थोडा निळा रंग अजून होता.
पत्रा हलवून पाहिला.
"सैल आहे," म्हणाले. "घट्ट कर."
सतराचा पाना हार्मकडे होता,
आणि हार्म तळलेले बटाटे खायला गेला होता.
आम्ही दोघं तिथेच थांबलो,
बाबांचा हात पत्र्यावर,
तो हलू नये म्हणून.