पकड

पोस्टातून रिटायर झालो त्या महिन्यात ठरवलं,
आता माशी बांधायची.
घरातली नव्हे, गळावरची.
कोंबड्याच्या मानेची पिसं, बोकडाच्या शेपटीचे चार केस,
वामन टेलरकडचा लाल दोरा.
काळावलच्या खाडीत फेकली
की तांबोशीला वाटावं, कोळंबी घाबरून पळतेय.

पण बांधताना गळ धरणार कोण?
एक हात पिसांत, एक दोऱ्यात.
तिसरा हात विकत मिळतो म्हणे. वाइस.

मोबाईलवर तिसरे हात रांगेत उभे.
एक सात हजारांचा, स्वतःभोवती गिरक्या घेणारा.
एक साडेचारशेचा, फोटोत तेवढाच चकचकीत.
कुणाला टेबलाच्या कडेला आवळायचा स्क्रू,
कुणाच्या बुडाशी जाड लोखंडी पाट.
माझ्याकडे टेबल नाही.
ओटीचा कट्टा आहे, चिऱ्याचा, कडा वीतभर जाड.
इतका आ कुठलाच स्क्रू वासत नाही.

मालवण बंदरात बस्त्याव ट्रॉलरची इंजिनं खोलतो.
त्याला दाखवलं. हात न पुसताच
काचेवर ग्रीसचा ठसा उमटवत म्हणाला,
"फिरणारो मागीर बघ. आदी जबडो बघ.
मऊ लोखंड आसला तर गळच तेका चावतलो.
आणि हंयचो वारो खारो, चकाकी कोणाक दाखवतंस?"

ऐकलं. मान हलवली.
घरी येऊन साडेचारशेचा मागवला.
पेन्शन अजून लागायची होती.

दोरा ताणला की गळ मान टाकायचा,
दुपारच्या वर्गात पेंगणाऱ्या पोरासारखा.
मी आणखी आवळायचो.
तिसऱ्या दिवशी स्क्रूचे आटे गेले,
जबड्यात गळाच्या आकाराची खाच.
बस्त्यावला सांगितलं नाही.

शेजारी अनशी तारी जाळं विणत बसते,
पाय पसरून, सुतळी पायाच्या आंगठ्यात.
गेली दोन वर्षं तिचा चष्मा एका काडीवर आहे.
ती हसली.
"इतके पैशे कित्याक?
पायाचो आंगठो खंय गेलो तुजो?"

करून पाहिलं.
गळ कुठे शिरला ते सांगत नाही.
धनुर्वाताची सुई देताना डॉक्टर पेडणेकरांनी
फक्त विचारलं, मासा केवढा होता?

मग चार दिवस पाय वर करून
दुसरं काम नव्हतं, तिचा आंगठा बघत राहिलो.
तो आवळत नव्हता.
ओढ आली की तेवढ्यापुरता घट्ट,
गाठ बसली की सैल,
आणि ती गाबतांच्या लग्नाची कुठलीशी भानगड
मला सांगतच होती.

तेव्हा आठवलं,
एकतीस वर्षं टपालाच्या थैलीचं तोंड
मी गुडघ्यांत धरत आलो.
सुतळीचे तीन वेढे, गाठ, वर लाखेचा थेंब.
गुडघे किती आवळायचे
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
कुणी विचारलंही नव्हतं.

बावीसशेचा आला शेवटी.
फिरत नाही. चमकत नाही.
जबडा काळा, कडक. बूड इतकं जड
की नवा पोस्टमन कट्ट्यावर आदळून म्हणाला,
काका, आत काय, जातं?
मी आधी खोक्याची गाठ पाहिली.
गाठ नव्हतीच, नुसती चिकटपट्टी.

गळ धरला. दोरा ताणला.
टण्ण वाजला, हलला नाही.
पहिली माशी अनशीने उजेडात धरली,
एका काडीच्या चष्म्यातून उलटसुलट पाहिली,
म्हणाली, "झुरळ बरा जमलाहा."

रात्री जबड्याला खोबरेल लावतो.
दिवा ओटीवर, खाडीकडून चिखलाचा वास.
भरतीला अजून दीड तास आहे.
दुसरा गळ ठेवतो,
आवळतो,
आणि मग पाव आटा मागे घेतो.