हात लावू नये

मांडवीकाठच्या जुन्या गुदामाला पांढरा रंग काढून
आत मांडली आहेत एका जर्मन कंपनीची शंभर वर्षं.
सत्तावीस मोटरसायकली, प्रत्येकीभोवती लाल दोरी,
दोरीच्या अलीकडे स्टुलावर मी.
खिशावर शिवलेली पट्टी : सुरक्षा.

पहिली गाडी खरं तर सायकलच,
पोटुशी बाई चालते तशी, इंजिन सांभाळत.
मग टाक्या फुगत जातात, चाकं जाड होतात,
मग एक राखाडी, साइडकारवाली,
बंदूक अडकवायची कडी अजून जागेवर.
तिच्या फलकावर दोन ओळी :
"या काळात उत्पादन सरकारी मागणीनुसार झाले."
शेजारी शर्यतीचे चषक. त्यांच्यावर सव्वीस ओळी.
मोजल्यात मी. दुपारी माणसं नसतात.

भिंतभर फोटो कारखान्याचा.
मधे हॅटवाला मालक, खाली त्याचं नाव.
मागे साठ-सत्तर जण.
खिडकीबाहेर बर्फ, आणि डाव्या टोकाला
एकाच्या पायात जोडे नाहीत.
काणकोणच्या शाळेची सहल आली होती, तेव्हा एका मुलीनं विचारलं,
काका, हा कोण?
म्हटलं, मालक.
तो नाही. हा.
मी फलक पुन्हा वरपासून खाली वाचला
आणि तिला म्हटलं, चल, तुझी बस सुटेल.

म्हापशाच्या स्टँडवर तीस वर्षं पायलट होतो मी.
काळी येझदी, पिवळा मडगार्ड.
चवथीच्या आदल्या दिवशी मांडीवर मूर्ती धरून
सोयरू भट मागून ओरडायचे,
हळू रे, सोंडेचा रंग ओला आहे!
रुझालिन भाड्याऐवजी चार बांगडे द्यायची,
हँडलला अडकवून घरी न्यायचो, मांजरं पाठीमागे.
आणि ती एक बाई, आसिलोला निघालेली,
गिरीच्या वळणावरच मोकळी झाली.
मुलगा माझ्या शर्टात गुंडाळला.
तिचं नाव विचारायचं राहिलं. शर्टही.

इथं कशालाच वास नाही.
पेट्रोल काढलेलं, तेल काढलेलं,
साखळ्या पुसून कोरड्या.
उद्घाटनाला आलेली जर्मन बाई प्रत्येक गाडीशी थांबून
काहीतरी हळू बोलत होती,
आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी.
मला आवडली ती. तिच्याही नखात काळं होतं.

सत्ताविसावी गाडी गोव्याचीच.
पोर्तुगीज अमलात मुरगावला बोटीतून उतरलेली,
मडगावच्या कुण्या दोतोराची.
फलक म्हणतो : "मूळ स्थितीत."
मूळ स्थितीत!
क्लचच्या दांड्याला पितळेचा सांधा आहे
आणि सांध्यावर नखाएवढा तिरका घाव.
इनास मेस्ताचा.
जर्मनीहून सुटे भाग येईनासे झाले तेव्हा
ते इनासच्या भट्टीतून आले,
कधी तुटक्या समईतून, कधी इगर्जीच्या फुटक्या घंटेतून.
तो सही करत नसे. करता येत नव्हती.
घाव घालायचा एक, आणि म्हणायचा, जा आता.
माझ्या येझदीला तसले तीन होते.

परवा रात्री दिवे मालवताना
तिच्याखाली पांढऱ्या फरशीवर थेंब दिसला.
नियम आहे : काही गळलं, हललं, की वर कळवायचं.
दोरीखालून वाकून आत गेलो. गुडघे वाजले.
बोट टेकवलं. हुंगलं.
कुठल्या कोपऱ्यात धरून ठेवलं होतंस गं एवढं?

आता रोज बंद करताना खाली करवंटी ठेवतो,
सकाळी साहेब यायच्या आत काढतो.
थेंब एकच असतो, कधी तोही नसतो.
रजिस्टरात लिहितो : सर्व ठीक.
आणि पुढे, जायची वेळ : सात दहा,
जरी खरी सात चाळीस असली.