ओळ अठराशे सत्त्याहत्तर

तिसऱ्या भागात ओर्वान मेला.
मीच मारला म्हणा हवं तर, बटण माझ्या अंगठ्याखाली होतं,
चौदा वर्षांची होते, ओतारूला मावशीकडे,
रॉकेलच्या शेगडीला पाय लावून बसलेली.
दिवा विझू नये म्हणून तो वरच थांबला
आणि समुद्र जिना चढून आला.

सहाव्या भागात तो बंदरावर सूप विकतो.
तीच टोपी. तोच डावा डोळा, अर्धा मिटलेला.
"आज वारा बरा आहे," म्हणतो.
कितीदाही विचारा, तेवढंच.

आता हे असलं शोधायचा मला पगार मिळतो.
सापोरोत, शिलाई मशीनवाल्याच्या वर, तिसरा मजला.
तक्त्यात चार हजार एकशे बारा ओळी:
राणी इल्मा आपल्या आईआधी दोन वर्षं जन्मली.
समुद्र पहिल्या भागात पूर्वेला,
चौथ्यात सूर्य त्यातच मावळतो.
लोहारांचा देव पाचव्यात मुका आणि सातव्यात गातो,
कारण त्या वर्षी गाणारा स्वस्तात मिळाला.
मागचं पाठ, पुढचं सपाट असं म्हणावं,
तर मागचंसुद्धा कुणाला पाठ नव्हतं.
रात्री तीनला, उद्या माल पाठवायचा म्हणून,
हाताला येईल ते ठिगळ लावत गेले सगळे.

ताकुमा सव्वीस वर्षांचा आहे. त्याला ठिगळं दिसली की खाजवतं.
"काळालाच फांदी फोडू, मिनेगिशीसान,
एका फांदीवर तो बुडाला, दुसऱ्या फांदीवर नाही.
एका वाक्यात चारशे ओळी मिटतील."
खेळणाऱ्यांनी तर कधीच जुळा भाऊ देऊन टाकलाय त्याला,
नावासकट, लहानपणच्या भांडणासकट.

म्हटलं, आधी विचारून येते.

कुरोकाबे आता तोमाकोमाईत राहतात. खिडकीतून
कागदाच्या कारखान्याची धुराडी दिसतात. वय एकोणऐंशी.
पहिला चहा: "कार्ट्रिजमध्ये जागाच उरली नव्हती हो.
नवा चेहरा कुठे ठेवणार? जुनाच उचलला."
मी लिहून घेतलं.
दुसरा चहा: "मेला होता? तिसऱ्यात?
छे, छे. आपण कुणाला मारलं नाही."
मी तेही लिहून घेतलं, खाली.
बूट घालायला वाकले तेव्हा मागून म्हणाले,
"ती टोपी माझ्या थोरल्या भावाची.
त्याला थंडीत तसं सोडवेना मला."
पेन पिशवीत गेलं होतं. काढलं नाही.

त्यांची बायको खाली बसथांब्यापर्यंत आली.
बर्फ चाळणीतून पडावा तसा पडत होता.
म्हणाली, "तुम्ही मनावर घेऊ नका. सहावा भाग यांनी लिहिलाच नाही.
ते वर्षभर इस्पितळात होते.
आणि भाऊ म्हणाल, तर हे एकुलते एक."

परतीच्या गाडीत मी तीन उत्तरं आणि एक नकार
मांडीवर घेऊन बसले,
कुणाच्या तरी घरून आलेला, झाकण न बसणारा डबा असावा तसे.

ऑफिसात कुणी नव्हतं. जुनं यंत्र लावलं,
फुंकर मारून, पूर्वीसारखं.
सहावा भाग. बंदर. सुपाची वाफ, चारच ठिपक्यांची.
"आज वारा बरा आहे."
हो, म्हटलं मी. मोठ्यानं म्हटलं बहुतेक,
कारण खालची मशीन जरा थांबली.

मग पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं.
टेकडीवर दीपगृह आहे, नखाएवढं,
इतक्या वर्षांत कुणी तिकडे बोट दाखवलेलं नाही.
दिवा चालू आहे. फिरतोय.

हा तर इथे खाली, माझ्यासमोर, पळी धरून उभा.

अठराशे सत्त्याहत्तरच्या ओळीत 'कारण' हा रकाना
मी रिकामाच सोडला.
तळाशी गेले, चार हजार एकशे तेरा उघडली,
लिहिलं: वर कोण आहे?
आणि ताकुमा यायच्या आत पुसून टाकलं.