पंचेचाळीस दिवस

कागद एकवीस पानांचा.
शेवटच्या पानावर माझ्यासाठी एक रिकामी रेघ.
सही केली तर सोळा आठवड्यांचा पगार.
सही केली तर आजवरचे, मला अजून कळलेही नसलेले
सगळे दावे मी राजीखुशीनं सोडले.
राजीखुशी हा शब्द माझा. त्यांचा जरा लांब आहे.

हार्टफर्डमध्ये फेब्रुवारी.
रस्त्याकडेचा बर्फ डांबराइतका काळा.
साडेसातला अजूनही डबा भरते
आणि बाराला तो इथेच, ओट्यापाशी, उभ्यानं खाते.

सोबत एक पुरवणी आहे, कायद्यानं द्यावी लागते म्हणे.
नावं नाहीत. हुद्दा, वय, काढले किती, ठेवले किती.
टेस्ट लीड, चोपन्न: काढले एक, ठेवले शून्य.
ही मी.
अठ्ठावन्न: काढले एक. ही डोलोरेस,
जिच्या खणात सगळ्यांच्या डोकेदुखीची गोळी असायची.
एकसष्ट: काढले दोन. एक वॉल्टर. दुसरं कोण?
रात्री दीडपर्यंत आठवत बसले, दुसरं कोण.
एकतीस: ठेवले एक.
हा कीगन. चूक कशी हुडकायची ते याला मी शिकवलं.
परवा त्याचा मेसेज: जुन्या फाइलींचा पासवर्ड?
दिला.

वकील तासाला साडेचारशे डॉलर.
श्रीरंग म्हणतो घराचा हप्ता, निहारचं शेवटचं वर्ष,
मग काहीच म्हणत नाही, भांडी लावत राहतो.

आबा चिपळूणच्या कोर्टात बेलिफ होते.
तीस वर्षं लोकांच्या दारांवर समन्स चिकटवली,
आणि घरी येऊन पाय धुताना म्हणायचे
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.
स्वतः रोज चढायचे.
आम्ही त्यावरच जेवलो.

एकोणचाळिसाव्या दिवशी फोन केला.
नुसतं विचारायला, असं श्रीरंगला सांगितलं,
त्याआधी स्वतःला.
पलीकडच्या बाईनं तक्रार विचारलीच नाही.
नाव विचारलं. स्पेलिंग सांगा, सावकाश.
ऑफिसात सतरा वर्षं मी नुसती वी.
वैजयंती, म्हटलं, आणि एकेक अक्षर सुटं करत गेले,
मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून.

मंगळवार, साडेतीन.
गाडी मागच्या बाजूला लावा, म्हणाली,
पुढच्या पायऱ्यांवर अजून बर्फ आहे.