पन्नास मिलिग्रॅम

काळी पूड. चिमटीत मावेल एवढी.
तव्याच्या बुडाची काजळी म्हणून कुणी झटकून टाकेल.
नान्ना चष्मा कपाळावर ढकलून वाकून बघतात
आणि विचारतात, "एवढ्यासाठी चार वर्षं?"

कसं सांगू, ही पूड नाही, कापड आहे.
लोखंडाच्या गाठी, आम्लाचे धागे,
ताणा उभा, बाणा आडवा,
आणि तिसरा एक, खोल जाणारा,
जो आपल्या कुठल्याच मागावर नव्हता.
सूत थोडं, भोकंच जास्त.
भोकांसाठीच विणलेलं.

"म्हणजे बिघडलेला माल," नान्ना म्हणतात.
असला नग निघाला की शेठ तोंडावर फेकायचा.

मग मी त्यांच्या मापात सांगते:
एक ग्रॅम उलगडला,
आतल्या सगळ्या भिंती सोडवून अंथरल्या,
तर दोनशे चादरी होतील. सिंगल, पण दोनशे.
ते गप्प होतात.
मनात गठ्ठे बांधत असावेत.

अक्कलकोट रोडवरून आज त्यांनी किटली आणलीय,
जुन्या डाइंगच्या मागच्या नाल्यात बुडवून भरलेली.
"रेड एकशेवीस," झाकण उघडायच्या आधीच म्हणाले.
बत्तीस वर्षं हा रंग त्यांनी पक्का केला.
मीठ किती, सोडा कधी, पाणी किती ऊन,
धुतला, आपटला, वाळवला, तरी हलता कामा नये.
आणि पोटची पोर
तोच सोडवत बसलीय.

पूड टाकते. वर पेरॉक्साइड, थेंबाथेंबानं.
बाहेर माळावर त्रेचाळीसचं ऊन,
आत पंखा स्वतःलाच वारा घालतोय.
पेरॉक्साइड लोखंडाला भिडतं, फुटतं,
आणि फुटता फुटता उसवतं
रंगाची ती नायट्रोजनची जोडगाठ.
लाल. मग डाळिंबाचा दाणा.
मग ताट विसळलेलं पाणी.
मग नुसतं पाणी.

लोखंड मात्र तिथंच. कामात होतं, कामातून सुटलं.

आता चुंबक. प्रयोगशाळेचं नाही,
अंबादासच्या फुटलेल्या स्पीकरचं,
जे दोरी बांधून आम्ही अशोक चौकातून फरफटत न्यायचो
आणि घरी यायचो तेव्हा त्याला काळी दाढी फुटलेली असायची.
काचेला लावते.
पूड पाण्यातून चालत येते, भिंतीशी उभी राहते,
हाक मारल्यासारखी.
नान्ना पहिल्यांदा हसतात.
"लेका," म्हणतात, पुडीला की मला, कळत नाही.

धुते, वाळवते, तोलते. ही पाचवी खेप.
टाकली होती पन्नास, आली शेहेचाळीस.
सर म्हणतात, हाताळणीतली घट, तक्त्यात लिही.
अम्मा हजार विड्या घेऊन जायची,
कारखान्यातला बाबू मूठभर छाट काढायचा,
त्याचाही असाच रकाना होता.

नान्ना घटीचं विचारत नाहीत.
ग्लास उचलून नाकाशी नेतात.
"रंग गेला," म्हणतात. "वास आहे अजून."

मी थांबते. खरं आहे ते.
उद्या यंत्र कागदावर हेच छापून देईल,
कार्बन बाकी, शेकडा अडतीस.
दिसेनासं झालं, संपलं नाही.
माझ्या दोन वर्षांच्या आलेखांनी
एवढ्या लवकर कधी सांगितलं नव्हतं.

ते टेबलावरचं चुंबक घेतात
आणि सहज, खेळल्यासारखं,
स्वतःच्या अंगठ्याच्या नखाला लावून बघतात.
नखाखाली निवृत्तीनंतरही तो लाल आहेच.
काही येत नाही.
"पक्का आहे," म्हणतात. आवाजात थोडा गर्वही असतो.

मग किटली उलटी करून सिंकमध्ये झटकतात.
"उद्या मोठी आणू का?"