दोन हर्ट्झ

धंतोलीत डॉक्टर खापेकरबाईंच्या टेबलाला
पालथं झोपल्यावर तोंडापुरतं एक भोक आहे.
त्यातून दिसते फरशी, बाईंची निळी स्लीपर
आणि कोणाच्या तरी शर्टाचं पडलेलं बटण.
चार भोकांचं, मोतिया.
दर मंगळवारी ते तिथंच असतं.

"किती वर्षं झाले दुखून राह्यलं?"
"मोजले नाही, बाई. इतवारीत रफू करतो.
एकतीस वर्षं मान खालीच आहे.
लोक समजतात, निनावे फार नम्र माणूस."

त्या हसल्या नाहीत. मणक्यांवरून बोटं फिरवली,
जरीकाठात तुटला धागा शोधावा तशी,
बघून नाही, अडखळून.
पाचव्या-सहाव्याच्या मधे अडखळल्या.
"हा तुमचा झिरो माईल.
इथून खांदा इतका, कोपर इतकं, अंगठा इतका दूर.
सगळं इथूनच निघून राह्यलं."

मग सुया.
कवटीखालच्या खळग्यांत दोन, खांद्यांवर दोन,
अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात एकेक.
माझ्या बारा नंबरच्या सुईहूनही बारीक.
मी विचारलं, कुठून आणता?
कापडाला मी कधी काहीच विचारलं नव्हतं.
सुयांना चिमटे, चिमट्यांना वायरी,
वायरींच्या टोकाला एक डबी. तिची खुंटी त्या हळूच फिरवतात:
"सांगा. दुखेपर्यंत नाही, जाणवेपर्यंत."

आणि मानेतला स्नायू आपोआप उडू लागतो.
ठक, ठक. सेकंदाला दोनदा.
दोन हर्ट्झ, त्या म्हणाल्या.
मला ती चाल ओळखीची वाटली.
गोळीबार चौकामागचा आमचा मागाचा खड्डा, त्यात बाबांचे पाय,
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं.
(बाबांचा हात याहून जरा सावकाश होता.)
माग विकला, खड्डा बुजवून आईनं वर मोरी बांधली.
मग हा कुठला माग,
माझ्या मानेत बसलेला,
बिनाविणकराचा?

वीस मिनिटांनी सुया निघाल्या. छिद्र नाही, डाग नाही.
माझ्या रफूहून साफ काम.

घरी गृहपाठ. उताणं झोपा,
पोटावर काहीतरी हलकं ठेवा, ते वर-खाली व्हायला पाहिजे.
चार मोजत आत, सहा मोजत बाहेर.
खांदे हलू द्यायचे नाहीत.
कुमुद म्हणाली, वाटी ठेवा. वाटी थंड लागली.
मी रेशमाची लडी ठेवली, शेंदरी.
ती हललीच नाही.
"श्वास घेऊन राह्यले ना तुम्ही?" कुमुदनं दारातून विचारलं.

तेव्हा कळलं.
टाका घालताना मी श्वास धरतो.
एक धागा वर, एक खाली, हात थरथरू नये म्हणून छाती दगड.
कोणी शिकवलं नव्हतं.
आणि टाका झाला तरी सोडायचं ध्यानात राहत नाही,
तोवर पुढचा आलेला असतो.
हिशेब करायला बसलो, दिवसाला इतके टाके,
वर्षाला इतके दिवस, मग उठलो.
लोकांच्या शालूंत, वकिलांच्या कोटांत,
एकदा तर एका मयताच्या शालीत,
उलट्या बाजूनं, मीच अडकून आहे थोडा थोडा.

सातव्या मंगळवारी बाईंनी विचारलं, दहापैकी किती?
आठाचे चार, म्हटलं. थंडीत पाच.
पूर्ण जाणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता सुई आत जाते तेव्हा श्वास बाहेर सोडतो.
हात जरा हलतो.
परवा खामल्याच्या एका बाईनं साडी उजेडात धरली:
"काका, इथं थोडंसं दिसून राह्यलं."
मी पाहिलं. दिसत होतं.
दहा रुपये कमी घेतले.

ती गेल्यावर दुकानाबाहेर आलो, मान वर केली,
सांगितल्याप्रमाणे, हळूहळू, सहा मोजत.
समोरच्या भांड्याच्या दुकानाला तिसरा मजला आहे.
हिरवी लाकडी खिडकी, एक फळी अर्धवट उघडी,
आणि वर गच्चीवर एक पोट्टं
मांज्याची गाठ दातानं तोडत उभं.
एकतीस वर्षं.
मी त्याला हात केला.
त्यानं ओळख नसल्यासारखं पाहिलं.
बरोबरच आहे त्याचं.